एका गोष्टीला वास हवा होता

माझ्या पहिल्या आणि शेवटच्या भयकथेचं हस्तलिखित परत आलं, तेव्हा संपादकांनी त्यावर हिरव्या शाईने एकच वाक्य लिहिलं होतं. "तुमचा नायक माणूस खातो आणि वाचकाला वरणभाताचा वास येतो." शेवटच्या पानाखाली आणखी एक शब्द होता, 'पुढे?' आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुधारून द्यावी, अशी सूचना. पुण्यातल्या संपादकाकडून याहून जास्त मायेची अपेक्षा करू नये, हे मला ठाऊक होतं. तरी शनिवार पेठेत घरी पोचेपर्यंत मी रस्त्यात दोनदा थांबून ते वाक्य वाचलं आणि दोन्ही वेळा चिडले. चिडले, कारण माणूस बरोबर बोलत होता.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी बँकेत नोकरी करत होते आणि दर वर्षी दोन-तीन दिवाळी अंकांत कथा लिहीत होते. सासू-सुनांच्या, ऑफिसातल्या रुसव्याफुगव्यांच्या. वाचून बायका 'अगदी आमच्याच घरातलं लिहिलंत हो' म्हणतात, तसल्या. त्या वर्षी एका अंकाने भयकथा विशेषांक काढायचं ठरवलं आणि मला वाटलं, आपणही एकदा कुणाच्या तरी अंगावर काटा आणून दाखवावा. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. अशा बाईने नरमांसभक्षणावर कथा लिहायला घेतली यातच खरी गंमत होती, पण ती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

कथा जुन्या काळातल्या एका दुष्काळाची होती. गाव ओस पडतं. दोन भाऊ शहराकडे चालत निघतात, कारण तिथे अन्नछत्र उघडलंय असं कानावर आलेलं असतं. वाटेत थोरला मरतो. धाकटा काटक्याकुटक्या गोळा करून त्याला अग्नी देतो. त्याच्या पोटात कित्येक दिवस अन्नाचा कण नसतो, आणि चिता पेटल्यावर जे होऊ नये ते होतं. पुढे तो अन्नछत्रापर्यंत पोचतो, त्याच्यापुढे पान मांडलं जातं, आणि तिथेच मी कथा सोडून दिली होती. तो जेवतो की नाही, जगतो की नाही, हे मलाच ठरवता येत नव्हतं.

माझी प्रत्येक कथा छापायला जाण्याआधी समोरच्या ब्लॉकमधल्या बाई वाचत. मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि इमारतीतले लहानमोठे सगळेच त्यांना बाई म्हणत. एकट्याच राहत. पती फार पूर्वी वारले होते, आणि एकुलती एक मुलगी लग्नानंतर दीड वर्षाच्या आत गेली. सासरी स्टोव्हचा भडका उडाला, असं सगळे म्हणत. बाई काहीच म्हणत नसत. आम्ही तिथे राहायला येण्याच्या बऱ्याच आधीचं ते. त्यांच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर मुलीचा फोटो होता, कॉलेजातला, दोन वेण्या पुढे घेतलेला. त्याला हार घातलेला मी कधी पाहिला नाही.

संध्याकाळी बँकेतून आले की चहा मी त्यांच्याकडे घ्यायची. त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल होती, शाळेतली सवय. वाचायची पद्धत मात्र शाळेत शोभणारी नव्हती. त्या कुठलीही गोष्ट शेवटच्या पानापासून सुरू करत. मी एकदा त्यावरून टोकलं तर म्हणाल्या, माणसं नीट घरी पोचतात की नाही ते आधी बघते. पोचत असतील तर वाटेतले हाल सोसायला माझी हरकत नाही. न पोचणाऱ्या गोष्टी त्या तशाच परत करत, न वाचता. माझ्या दोन बऱ्यापैकी कथा त्यांनी केवळ या कारणाने वाचल्या नव्हत्या.

त्यांची आणखी एक गोष्ट इमारतीत सगळ्यांना माहीत होती. बाई वांगं खात नसत, आणि चंपाषष्ठीला दिवसभर घरी थांबत नसत. आमच्याकडे पुष्कळ घरांचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात बंद केलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा सुरू व्हायचं, भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य व्हायचा, आणि सकाळपासून प्रत्येक गॅसवर वांगी भाजली जायची. जिना त्या वासाने भरून जायचा. बाई सकाळीच पिशवीत पुस्तक टाकून बाहेर पडायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. आम्ही नवीन असताना मी मोठ्या प्रेमाने त्यांना भरताची वाटी नेऊन दिली होती, ती त्यांनी दारातूनच परत केली. मला राग आला होता. मग कळलं की बाई काशीयात्रेला गेल्या होत्या तेव्हा वांगं सोडून आल्या. काशीला जाऊन आवडीची एखादी गोष्ट सोडायची रीतच आहे, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. पुढे मी त्यांना चिडवायची की लोक काशीत कारलं सोडून येतात, तुम्ही बऱ्या वांगं सोडून आलात. त्या 'हो' म्हणायच्या आणि चहा गाळायच्या.

तर हिरव्या शाईचं ते वाक्य घेऊन मी कामाला लागले. मांस कसं दिसतं हे पुस्तकात मिळतं, वास पुस्तकात मिळत नाही. एका शनिवारी बँक सुटल्यावर मी कॅम्पातल्या मटणाच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. पदर नाकाला लावायचा नाही, असं ठरवून गेले होते. दुकानदार म्हातारा होता. त्याने किती देऊ म्हणून विचारलं. मी म्हटलं, घ्यायचं नाही, फक्त वास घ्यायचाय. त्याने मला वरून खाली पाहिलं. "घ्या ताई, वास फुकट आहे," तो म्हणाला आणि सुरी चालवू लागला. मी तिथे दहा मिनिटं उभी होते. लोखंडासारखा, ओल्या नाण्यासारखा वास होता, आणि तो कच्च्याचा होता. माझ्या नायकाची पंचाईत शिजण्याच्या वासाने होणार होती.

मग बँकेतल्या एका मैत्रिणीला साकडं घातलं. ती मुंढव्याकडची, शेतकरी घरातली; शहर त्यांच्या मळ्यापर्यंत येऊन भिडलं होतं. तिने मला रविवारी घरी बोलावलं आणि तिच्या सासूच्या स्वाधीन केलं. सासूबाई चुलीवरच करत. मी पाटावर वही घेऊन बसले. त्यांनी कांदा भाजला, खोबरं भाजलं, लवंगा-मिरे परतले आणि खरोखर सुरेख वास सुटला. मी भराभरा लिहून घेत होते. सासूबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमाला नेमका कसला वास पायजे? मटनाचा का मसाल्याचा? ह्यो समदा मसाल्याचा हाय. मटनाचा वास मारायलाच तर मसाला घालत्यात." मी पेन बंद केलं. माझ्या दुष्काळातल्या माणसाकडे खोबरं नव्हतं, मीठसुद्धा नव्हतं.

राहिलं स्मशान. आमच्यात तेव्हा बायका स्मशानात जात नसत. मी नवऱ्याला म्हटलं, एकदा मला बघायचंय. त्याने वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं की घाई कशाला करतेस, वेळ आली की मीच नेईन तुला. पण त्याच महिन्यात त्याचे एक चुलते वारले. नवरा पोचवायला गेला, दुपारी परत आला आणि कुणाला न शिवता सरळ न्हाणीघरात गेला. कपडे त्याने बादलीत टाकले होते. तो अंगावर पाणी घेत असताना मी दाराशी जाऊन बादलीतला शर्ट काढला आणि नाकाला लावला. गोवऱ्या, राळ, तूप, घाम, थोडं रॉकेल. सगळं होतं, जे हवं होतं तेवढंच नव्हतं. नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा तो शर्ट माझ्या तोंडावर होता. त्याने शर्ट माझ्या हातातून घेतला, पुन्हा बादलीत टाकला आणि मला म्हणाला, आता तूही अंघोळ कर. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नीट, पण एकमेकांशी बोललो नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही काम फसल्याची चुटपुट जास्त होती.

पुढचं सांगताना मी पुष्कळ वर्षं थोडं खोटं बोलत आले. बाईंशी बोलता बोलता विषय निघाला, मला त्यांच्या मुलीचं लक्षातच नव्हतं, असं मी सांगायची. लक्षात होतं. शर्ट बादलीत पडला त्याच क्षणी मला आठवलं की हा वास ज्याला माहीत आहे असं एक माणूस आपल्या समोर राहतं. चार दिवस मी तो प्रश्न मनात घोळवला आणि पाचव्या दिवशी तो सोबत घेऊनच चहाला गेले.

आषाढ होता. दुपारपासून अंधारून आलेलं. मी आधी कथा थोडक्यात सांगितली, संपादकांचं वाक्य वाचून दाखवलं, बाई हसल्या. मग मटणवाला, मुंढव्याच्या सासूबाई, शर्ट, सगळं सांगितलं. शर्टाचं ऐकल्यावर त्यांचं हसू गेलं. त्यांनी विचारलं, हा माणूस शेवटी जगतो का? मी म्हटलं, अजून ठरत नाहीये. मग मी फोटोकडे न बघता विचारलं. बाई, तुम्ही तेव्हा हॉस्पिटलात होतात ना, तिथे कसा वास होता?

बाईंनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ऊठ म्हणतील, आणि त्यांनी तसं म्हणायला हवं होतं. पण त्या कपाच्या कानाशी बोट फिरवत, वर्गात धडा सांगावा तशा सपाट आवाजात बोलू लागल्या.

"श्रावणी सोमवार होता. उपास होता मला. तिच्यासाठीच धरला होता, संसार नीट व्हावा म्हणून. शाळेतून निघणार, तेवढ्यात निरोप आला. पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. कॉटभोवती पडदा लावला होता. पडद्याच्या अलीकडे रॉकेलचा वास आला. मग त्याच्यामागून दुसरा आला. वांगं भाजताना येतो ना, साल करपते आणि आतून रस सुटतो, तसा. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं."



"मला भूक लागली," बाई म्हणाल्या. "हा वास कशाचा हे नंतर कळलं. भूक आधी लागली. तोंडातलं पाणी गिळलं आणि मग पडदा सारून आत गेले."

मुलगी तीन दिवस होती. त्या तीन दिवसांबद्दल बाईंनी काही सांगितलं नाही. काशीला आपण कधी गेलोच नाही, एवढं सांगितलं. कुणीतरी तसं समजलं आणि आपण ते तसंच राहू दिलं. इतक्या वर्षांत हे कुणाला बोलले नव्हते, असंही म्हणाल्या. कुणाला सांगणार? आईला असं झालं, हे कुणाला सांगायचं असतं?

त्या वेळी मी त्यांचा हात धरायला हवा होता. निदान काहीतरी बोलायला हवं होतं. मी गप्प बसून मनातल्या मनात त्यांची वाक्यं पाठ करत होते. साल करपते आणि आतून रस सुटतो. भूक आधी लागली. क्रम विसरायला नको, एवढीच मला धास्ती. मी उठले तेव्हा बाई दारापर्यंत आल्या. "तुझ्या त्या माणसाला असंच होईल का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग त्याचं पुढे काय होतं ते नीट विचार करून ठरव." त्या गोष्टीतल्या माणसाबद्दल बोलत नव्हत्या, हे मला तेव्हाच कळलं होतं. न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. घरात शिरल्या शिरल्या मी बँकेच्या एका जुन्या स्लिपच्या मागे ती वाक्यं लिहून काढली, चहाची चव तोंडात होती तोवर.

चितेचा प्रसंग मी एका बैठकीत लिहिला. धाकटा भाऊ दूर जाऊन बसलेला, वारा त्याच्याकडे वळतो, आणि त्याला गावाकडच्या चुलीत भाजत घातलेलं वांगं आठवतं. तोंडाला पाणी सुटतं, मग कळतं. मी आजवर लिहिलेल्यात ती दोन पानं सगळ्यांत चांगली आहेत, हे मला लिहितानाच समजत होतं. खाण्याचं मी चार ओळींत आटपलं. पुढे काही सांगायची गरजच उरली नव्हती.

शेवट मात्र होईना. मी त्याला अन्नछत्रात आणलं, पानावर बसवलं, भात वाढला. त्याचा हात तोंडाकडे जायला लागला की मला शिसारी यायची. तेच तोंड. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. संपादकांचा काही आग्रह नव्हता, त्यांनी फक्त 'पुढे?' एवढं विचारलं होतं. मलाच तो माणूस घरी परत आलेला नको होता. चौथ्या वेळी मी त्याला भरल्या पानावरून उठवलं आणि अन्नछत्राच्या मागच्या विहिरीत उडी मारायला लावली. खाली शेवटचं वाक्य लिहिलं, की असल्या तोंडाला अन्न शिवणार कसं. ते मला फार आवडलं होतं. हस्तलिखित मी त्या खेपेला बाईंना दाखवलं नाही. मुदत अगदी जवळ आलीय, असं स्वतःला सांगितलं.

संपादकांचं कार्ड आलं. "आता वास आला." मी ते कार्ड बँकेत तीन जणींना दाखवलं. दिवाळीत अंक निघाला आणि पत्रं आली, जेवताना वाचली आणि पान टाकून उठलो, असली. मला बरं वाटत होतं. अंकाची एक प्रत मी दर वर्षीप्रमाणे पाडव्याला बाईंना नेऊन दिली आणि फराळाचं ताट पुढे केलं. त्यांनी अंक हातात घेतला, पण मागचं पान उलटलं नाही. टीव्हीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी चहाला गेले, तिसऱ्या दिवशी गेले, बाई कथेबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. पाच आठवडे मी रोज त्या टीव्हीवरच्या अंकाकडे बघत चहा प्यायले.

चंपाषष्ठी आली. त्या वर्षी आमच्याकडे भरीत झालं नाही. नवऱ्याला मी सांगितलं की वांगी किडकी निघाली; नैवेद्याला नुसता रोडगा ठेवला. पण माझ्या एका गॅसने काय होणार होतं? खालच्या मजल्यावर भाजत होते, वरच्या मजल्यावर भाजत होते. सकाळी नऊला बाई दार लावून निघाल्या तेव्हा मी जिन्यातच होते. त्यांच्या पिशवीतून अंकाचा कोपरा दिसत होता.

मी रजा टाकून दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी बेल वाजली. बाई दारात उभ्या होत्या, चपला काढल्या नव्हत्या, आत या म्हटलं तर आल्या नाहीत. सारसबागेत बसले होते, म्हणाल्या. गोष्ट वाचली.

"या वेळी पहिल्यापासून वाचली. शेवट आधी बघितला नाही. म्हटलं, तुला सांगितलंय सगळं, तू बघशील नीट."

मी दाराची कडी धरून उभी होते.

"त्याला मारायलाच हवं होतं का गं?"

आयुष्यात मला पुष्कळ जण टाकून बोललेत. बाईंच्या आवाजात टाकून बोलणं नव्हतं, त्या खरंच विचारत होत्या. मग बाईंनीच, तीस वर्षं मुलींना न आलेली उत्तरं पुरवली तशी, मलाही सुटायची वाट करून दिली. "संपादकांनी सांगितलं असेल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो. त्यांनी मान डोलावली आणि समोरचं दार उघडून आत गेल्या. त्या हो-इतकं नीच मी दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात मी शेवट नव्याने लिहिला. फुलस्केपची अडीच पानं. माणूस अन्नछत्रात येतो, हातपाय धुतो, पानावर बसतो. त्याला कुणी काही विचारत नाही. तो आमटीभात पोटभर जेवतो आणि झाडाखाली पंचा पसरून झोपतो. एवढंच. लिहिताना या वेळी शिसारी आली नाही, रडू आलं. मी पानं टाचून बाईंकडे नेली आणि म्हटलं, हा खरा शेवट आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता छापून झालंय," म्हणाल्या. "ठेव तिथे." मी टीव्हीवर, फोटोच्या खाली, ती पानं ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती, आणि मी विचारलं नाही.

चहा चालू राहिला. बाईंनी मला तोडलं नाही. तोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पुढे आणखी सात वर्षं त्या माझ्या कथा तपासत राहिल्या, ऱ्हस्वदीर्घासकट, शेवटच्या पानापासून. माझी माणसं त्या सात वर्षांत झाडून सगळी घरी पोचली. एका समीक्षकाने लिहिलं की लेखिका अलीकडे गुळमुळीत झाली आहे. भयकथा मी पुन्हा लिहिली नाही. दर चंपाषष्ठीला बाई पिशवी घेऊन बाहेर पडत राहिल्या. एकदा मी म्हटलं, मीही येते, तर म्हणाल्या, कशाला, तुला घरचं नैवेद्याचं असतं.

सातव्या वर्षी, उन्हाळ्यात, त्या झोपेतच गेल्या. सांगलीहून पुतण्या आला, सगळं त्यानेच केलं. तेराव्यानंतर तो घर आवरत होता तेव्हा त्याने मला बोलावलं आणि जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा दाखवून म्हणाला, यातलं तुमचं असेल ते घेऊन जा. मला हवा होता तो अंक गठ्ठ्यात नव्हता. तो कपाटात, साड्यांच्या खाली निघाला, मुलीच्या दुसऱ्या एका फोटोबरोबर. फोटो पुतण्याने ठेवून घेतला.

मी अंक घरी आणून उघडला. माझ्या कथेचं शेवटचं पान, ते विहिरीचं, पट्टी लावून नीट फाडून काढलेलं होतं. त्या जागी माझी अडीच पानं खळीने चिकटवलेली होती. खळ जुनी होऊन पिवळी पडली होती, म्हणजे ती तेव्हाचीच असणार, त्याच आठवड्यातली. पानांवर लाल पेन्सिल फिरली होती. एक वेलांटी दुरुस्त केली होती. 'पोटभर' या शब्दावर आडवी रेघ मारली होती, आणि शेजारी समासात, फळ्यावर लिहायच्या त्या अक्षरात, लिहिलं होतं:

"जगवलंस, बरं केलंस. पण पहिल्याच दिवशी पोटभर नको. मला वर्ष लागलं."